नवी पात पिवळी

जालना
५ जानेवारी २०२५

आक्कास बबलूचा नमस्कार.

तुझं पत्र येऊन लई दिवस झाले. उत्तर लिहायचं राहून गेलं असं लिहिणार होतो, पण ते खोटं हाय. राहून न्हाई गेलं, मी राहू दिलं. पत्र खिशातच होतं. रोज हाताला लागायचं आन रोज मी म्हणायचो, आज सांच्याला लिहू. तेवढ्यात मधमाशीच्या पेट्यावाले भेटले. इथल्या बियाण्याच्या कंपन्या त्यांना गावोगावच्या प्लॉटवर पेट्या ठेवायला बोलावत्यात. माशा फुलावर फिरल्या की बी चांगलं भरतं म्हणं. त्यांचा एक गडी आजारी पडल्ता. म्हणाले, येतो का? मी म्हणालो, कुठं? ते म्हणाले, सगळीकडं. आता सगळीकडं म्हणल्यावर माझं काय होतं ते तुला माहिती हाय. माझ्या बियाण्याच्या कंपनीत सुट्टी टाकून गेल्तो. मंग पापणीला माशी चावली आन डोळा कांद्याएवढा सुजला. एका डोळ्यानं जग बघत फिरलो. एका डोळ्यानं बी चांगलंच दिसतं, पण लिहायला जमत न्हाई. हे मात्र खरं हाय.

तू म्हणती, तुमच्या घरात फोन स्पीकरवर असतो, सगळे कान देऊन ऐकत्यात, आन मी नुसता हो हो करून विसरतो, म्हणून संपतच्या दुधाच्या टेम्पोत चिठ्ठी देत जा. बराबर हाय. पण कागदावर बी मी तोच हाय, आक्का.

पाकिटात तू कांद्याची पात घातली होती. उघडली तवा सगळीच पिवळी, सुकून गवत झाल्ती. खोलीतल्या मिथुनला दाखवली. मिथुन खताच्या दुकानात पोती उतरवतो, त्यामुळं त्याला जगातलं सगळं कळतं. त्यानं वासबी न घेता सांगितलं, पिवळं म्हंजी नत्राची भूक. युरिया द्या, आठ दिवसात पोपट होईल.

तू लिहिलेलं वाचून डोकं गरम झालं. आबानं दिवाळीच्या आधी मेंढरं तुझ्या खालच्या वावरात बसवली. दुसऱ्या शेतकऱ्याकडून आबा रोजचं धान्य घेतो. तुझ्याकडून मूठभर ज्वारी घेतली न्हाई, लेकीचं वावर म्हणून. मेंढरांच्या लेंडी-मुतानं जमीन काळीभोर झाल्ती, मी डोळ्यानं बघितलंय. आन आता कांदा पिवळा पडला तर तुझे सासरे चावडीवर म्हणत्यात, मेंढक्याच्या मेंढरांनी वावर जाळलं? त्यांच्या आज्याच्या खांद्यावर काय शाल होती का? घोंगडंच होतं ना. दोन पिढ्या मेंढरं सोडली तर इतका वास येऊन राह्यला त्यांना.

होळीपर्यंत कांदा सुधरला न्हाई तर वावर तुझ्या मोठ्या दिराला, रायभानदाजीला, मोसंबीच्या बागेसाठी देऊन टाकायचं, आन आबाची मेंढरं परत त्या शिवारात येऊ द्यायची न्हाईत. हे तुझे सासरे, पुंजाराममामा, तुला तोंडावर बोलले? मंग दे युरिया. दाबून दे. मेंढरांचं बळ कमी पडलं असंल तर वरून टाक. पण त्यांना दाखव.

मिथुन म्हणतो, शिवशंकरदाजींना कारखान्यात माझ्यासाठी काही काम हाय का विचारा. माझ्यासाठी म्हंजी मिथुनसाठी. सळईच्या कारखान्यात त्याला लई गोडी हाय. मला बिलकुल न्हाई, तिथं छप्पर हाय.

तुझा
बबलू


केदारखेडा
१९ जानेवारी २०२५

बबलू,

तुझ्या मिथुनला सांग, पोपट झाला. अर्धा.

सगळीकडं सारखा युरिया दिला, पाणी दिलं. कडेची जुनी पात अशी हिरवीगार झाली की बघणाऱ्याला वाटावं मोठं पीक हाय. आन मधून जी नवी पात निघून राह्यली ती आधीपेक्षा पिवळी. पिवळी म्हंजी लिंबासारखी. दुरून बघितलं तर सगळं वावर पिवळं, जवळ वाकून बघितलं तर खालून हिरवं. मोठे भाऊजी बांधावर उभे राहून म्हणाले, "वंदना, हा कांदा हाय का गेंदाचं फूल? दसऱ्याला लाव म्हंजी खपंल." त्यांच्या हातात टेप होता. मोसंबीच्या खड्ड्याचं अंतर मोजून राह्यले होते, माझ्या वाफ्यात उभे राहून. मी म्हणाले, "भाऊजी, होळी अजून दूर हाय, टेप गुंडाळा. आन वाफ्यातून पाय काढा, तिथं पीक हाय." ते हसले. पण पाय काढला.

मामांजी काही बोलत न्हाईत. येणाऱ्या जाणाऱ्याला वावर दाखवत्यात. दाखवायचं आन गप बसायचं. ते बोललेलं बरं.

माझ्या सासूचं, आत्याबाईंचं, वेगळंच. परवा भाकरीवर पातीचा कांदा खाल्ला आन ताटात टाकून दिला. म्हणाल्या, "याला ना वास, ना झणका. गवत खाल्ल्यासारखं लागतं. चिरताना डोळ्याला पाणी येईना तो कांदा कसला?" मी म्हणाले, आत्याबाई, पाणी मला रोज येतं, कांदा कशाला पाहिजे. त्यावर त्या माझ्याकडं बघत राह्यल्या आन उठून गेल्या. त्या अशाच. घरात वारं कुणाकडून हाय ते त्यांच्या तोंडावरून कळत न्हाई.

आता नीट ऐक. पात पाकिटात घालून पाठवणं ही माझी चूक झाली. पाकिटात सगळंच पिवळं पडतं. म्हणून लिहून देते, आन तू हेच शब्द विचार: जुनी पात हिरवी, नवी पात पिवळी. उलटं सांगू नको. अजून एक. विहिरीकडच्या अंगाला मोठ्या भाऊजींचे पाईप पडले होते, म्हणून तिकडच्या पट्टीत त्यांनी आबाला मेंढरं बसवू दिली न्हाईत. त्या पट्टीत कांदा ठेंगणा हाय, फिकट हाय, पण सगळा सारखा फिकट. नवी-जुनी पात असा भेद न्हाई. भाऊजी म्हणत्यात, बघा, मेंढरं न्हाईत तिथं पिवळं न्हाई. आन ह्याला माझ्याकडं उत्तर न्हाई, बबलू. हेच लई झोंबून राह्यलंय.

मेंढरं चुकली असं मी मरेपर्यंत म्हणणार न्हाई. पण मला कळलं पाहिजे. नुसतं हट्टानं वावर वाचत न्हाई.

मिथुनला विचारू नको. ज्याला शिकून पगार मिळतो अशा माणसाला विचार. तुझ्या कंपनीत उगवण तपासणाऱ्या बाई हायेत म्हणत होता ना.

ह्यांना मिथुनचं विचारलं. म्हणाले, आधी त्यानं आमचा कांदा दुरुस्त करून द्यावा.

वंदना


जालना
२३ जानेवारी २०२५

आक्का,

ह्या बारीला बघ किती जल्दी लिहून राह्यलो. चिठ्ठी काल भेटली, आज उत्तर.

मीनामॅडमकडं गेलो. त्या प्रयोगशाळेत बसत्यात, ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवत्यात आन मंग मोजत्यात, किती उगवलं. दारातच म्हणाल्या, "चप्पल काढ. आन तुझी सुट्टी कधीच संपली ना?" मी म्हणालो, मॅडम, सुट्टीचं नंतर, आधी बहिणीचा कांदा. तुझे शब्द तुझ्याच चिठ्ठीतून वाचून दाखवले, म्हंजी माझ्या तोंडून वाकडं जायला नको.

त्यांनी पहिलं विचारलं, "पिवळं दिसलं म्हणून युरिया कुणी द्यायला सांगितला?"

मी म्हणालो, हाय एक जण.

"त्याला नवी पात आणि जुनी पात यातलं काही विचारावंसं वाटलं नाही?"

मी म्हणालो, त्याला काहीच विचारावंसं वाटत न्हाई, मॅडम, तो सांगतोच.

मंग त्यांनी सांगितलं ते असं. नत्र झाडाच्या अंगात फिरतं. कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून नत्राची भूक असली तर जुनं पान आधी पिवळं पडतं. तुझं उलटं हाय. नवं पिवळं. म्हंजी जे कमी पडलंय ते फिरत न्हाई, जिथं बसलं तिथंच बसतं, जुनं पान नव्याला देत न्हाई. ते गंधक.

मी म्हणालो, गंधक म्हंजी फटाक्यातलं? त्या म्हणाल्या, तेच, पण फोडायचं नाही.

पुढचं नीट वाच, मी दोनदा विचारून घेतलंय. झाडाला नत्र आन गंधक एकमेकांशिवाय चालत न्हाई. दोन्ही मिळून प्रथिन तयार होतं, हिरवा रंग बी त्यावरच उभा राहतो. गंधक कमी असलं की नत्र पानात कच्चंच पडून राहतं. वरून अजून नत्र दिलं की झाड वाढायला बघतं, वाढायला अजून गंधक मागतं, आन तेच न्हाई. म्हणून तुझ्या युरियानं जास्त पिवळं पडलं. माझ्या युरियानं म्हण. आन मेंढरांच्या मुतात नत्र रग्गड. लेंडीत गंधक असतं थोडं, पण ते सावकाश सुटतं. पाईपाखालच्या पट्टीत मेंढरं न्हाईत, नुसता युरिया, म्हंजी नत्रच कमी, म्हणून तिथं गंधकाची भूकबी कमी. सगळं सारखं उपाशी, म्हणून सारखं फिकट.

आत्याबाईंच्या ताटाचं बी सांगितलं. मॅडमनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, कांद्याचा झणका हा गंधकाचाच असतो. त्या बाईंनी सगळ्यात आधी ओळखलं की.

मंग विचारलं, तुमच्याकडं आधी कोणतं खत टाकत होते? मी म्हणालो, मामा आधी सुपर फॉस्फेट टाकायचे, राखेच्या रंगाचं, आता घरात दोन पोरं कमावती झाली म्हणून महागाचं डीएपी. त्या म्हणाल्या, सुपरमध्ये गंधक असतं, डीएपीत नसतं. स्वस्त सोडलं आणि त्याच्याबरोबर गंधकही गेलं.

आक्का, मला तर नाचावंसं वाटलं. म्हंजी मेंढरांनी न्हाई जाळलं. मामांच्या भारी खतानं गंडवलं. मी बोललो तसं मॅडमला. त्या म्हणाल्या, "कुणी कुणाला गंडवलं नाही. आधी पीक बघ, भांडण नंतर कर." त्यांना आपलं घर माहिती न्हाई.

मी पिवळं गंधक आणायला निघालो होतो, डाळीसारखं मिळतं ते. त्यांनी थांबवलं. ते मातीतल्या जिवाणूंनी पचवल्याशिवाय मुळाला घेता येत न्हाई, तेवढा वेळ तुझ्याकडं न्हाई. जिप्सम टाक. त्यातलं गंधक तयार असतं, पाण्याबरोबर मुळाशी जातं, आन त्यात नत्र नसतं, तुला ते नकोच हाय. पोती संपतच्या टेम्पोत टाकून दिलीत. पांढरी भुकटी हाय, हसतील. हसू दे.

नोकरीचं बराबर चाललंय, काळजी करू नको.

बबलू

ता. क. मधमाशीवाले परत भेटले. ह्या बारीला न्हाई म्हणालो. म्हंजी म्हणून राह्यलो.


केदारखेडा
२ फेब्रुवारी २०२५

बबलू,

पोती उतरली तवा सगळं घर ओसरीवर होतं. मोठ्या भाऊजींनी पोत्यात हात घातला, फुंकर मारली आन म्हणाले, "घराला रंग द्यायचाय का, वंदना? मंग कांद्याला कशाला, भिंतीला लाव." मी म्हणाले, "भिंतीला नंतर. आधी ज्याला भूक हाय त्याला."

मामांजी म्हणाले, "मेंढरांनी जाळलेलं चुन्यानं थंड होतंय का बघू." मी म्हणाले, हा चुना न्हाई. ते म्हणाले, पांढरं ते सगळं चुनाच. मी तुझं पत्र काढून वाचायला लागले तर म्हणाले, "तुझा भाऊ शेतीचा मास्तर कधी झाला? मधाच्या पेट्या उचलता उचलता?" हे त्यांना कुणी सांगितलं ते संपतला विचार.

तू लिहिलं ते मी असं समजले. आबानं वावरात पाहुणे आणून बसवले, रग्गड. पंगत बसली, पत्रावळ्या पडल्या. पण वाढपीच न्हाई. पाहुणे उपाशी बसून राह्यले. आन तू, मी आन तुझा मिथुन, आपण काय केलं, तर अजून पाहुणे बोलावून आणले. मंग पंगतीत बोंब होईल न्हाई तर काय? आन पाईपाकडच्या पट्टीत पाहुणेच दोन-चार. तिथं कोण बोंब मारंल?

आता मी काय केलं ते ऐक. सगळ्या वावरात न्हाई टाकलं.

हे सोमवारी सुट्टीवर होते. म्हणाले, पोती हायेत ना, टाकून मोकळी हो सगळीकडं. मी म्हणाले, न्हाई. सगळीकडं टाकलं आन सुधरलं, तर तुमचे भाऊ म्हणतील, थंडी कमी झाली म्हणून सुधरलं. पाणी दिलं म्हणून सुधरलं. गणपतीला नारळ फोडला म्हणून सुधरलं. मला त्यांना बोलायला जागाच ठेवायची न्हाई. मी मधले वाफे धरले, रस्त्यापासून थेट विहिरीपर्यंत आडवे. म्हंजी मेंढरांच्या जमिनीतून सुरू होऊन पाईपाच्या पट्टीत जाऊन संपतील असे. तेवढ्यातच टाकलं. दोन्हीकडचे वाफे तसेच ठेवले. पाणी सगळ्याला सारखं दिलं.

हे म्हणाले, "आन न्हाई सुधरलं तर? अर्धं वावर हातचं घालवलं म्हणून तुलाच बोलतील." मी म्हणाले, "आता काय आरती ओवाळून राह्यलेत का?" मंग त्यांनी कारखान्याचे बूट काढले आन पोतं उचललं. भावासमोर, बापासमोर, दिवसा उजेडी. हे मी विसरणार न्हाई. पण त्यांना सांगू नको, चढून बसतील.

मोठे भाऊजी खुट्या घेऊन आल्ते, खड्ड्याच्या खुणा करायला. मी खुट्या उपटून चुलीत घातल्या. सांच्याला त्यावरच भाकरी केल्या. चांगल्या फुगल्या.

नोकरीचं बराबर हाय हे तू न विचारता लिहिलं. म्हणून विचारते, नोकरी हाय का?

वंदना


राजूर
१८ फेब्रुवारी २०२५

आक्का,

वरचं गावाचं नाव बघून तुला कळलंच असंल. नोकरी न्हाई. मी सोडली का त्यांनी सोडली यावर आमचं अजून एकमत न्हाई. मीनामॅडमनी जाताना चहा पाजला आन म्हणाल्या, कांद्याचं काय झालं ते कळव. 

आबाची मेंढरं राजूरच्या पलीकडं उतरलीत, एका ज्वारीच्या मोकळ्या रानात. मी इथंच हाय. दोन दिवसांसाठी आल्तो. चतुर्थीला गणपतीला गर्दी होती, नारळवाल्याच्या हाताखाली उभा राह्यलो, नारळ फोडून फोडून मनगट धरलं. मंग एक कोकरू पाय मुरगाळून पडलं, त्याला उचलून चालावं लागतं, आन उचलायला माणूस मीच. त्याचं वजन वाढून राह्यलंय आन माझं जाणं लांबून राह्यलंय.

पण लिहायचं वेगळंच हाय. तुझ्या सासऱ्यानं चावडीवर जे म्हणलं ते आबापर्यंत आलंय. मी न्हाई सांगितलं. आबा दोन दिवस मेंढरामागं एकटाच फिरला. मंग म्हणतो, "बबलू, जळलं असंल तर आपलंच चुकलं. मी लई रात्री ठेवली मेंढरं, लेकीचं म्हणून उठवलीच न्हाईत. मी जाऊन पुंजारामच्या पाया पडतो, पोरीचं वावर राहू दे म्हणतो."

मी म्हणालो, बिलकुल न्हाई. तो म्हणाला, पाया पडल्यानं पाय झिजत न्हाईत. मी म्हणालो, आबा, तू पाया पडला तर मेंढरांनी जाळलं हे खरं होईल, आन आक्का ते खरं होऊ देयाला तयार न्हाई. त्याला तुझी पंगतीची गोष्ट सांगितली, पाहुणे आन वाढपी. आबा लई वेळ ऐकत राह्यला. मंग म्हणाला, म्हंजी आपली मेंढरं उपाशी पाहुणे? मी म्हणालो, न्हाई आबा, मेंढरं ते आणणारी. त्याला ते पटलं का न्हाई कळलं न्हाई. रोज सकाळी पटका बांधतो, केदारखेड्याकडं तोंड करून उभा राहतो, मंग परत बसतो.

जल्दी कळव. त्याला मी किती दिवस बसवून ठेवू? माणूस मेंढी न्हाई.

बबलू


केदारखेडा
६ मार्च २०२५

बबलू,

आबाला पटका सोडून बसायला सांग. हे पत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखव.

आधी उशीर का झाला ते. मधल्या वाफ्यात नवी पात हिरवी निघून राह्यली हे मला दुसऱ्या पाण्यालाच दिसलं होतं. पण मी गप बसले. डोळ्याचा भास बी असतो. आन मी बोलले असते तर ते म्हणाले असते, अजून होळी न्हाई झाली. म्हणून त्यांच्याच तोंडून निघेपर्यंत मी बोलणार न्हाई असं ठरवलं होतं.

सोमवारी मामांजी स्वतः वावरात गेले. वहाणा बांधावर काढल्या. मधल्या वाफ्यात बसले, नवी पात चिमटीत धरली, तोडली, नाकाला लावली. मंग शेजारच्या वाफ्यातली. मोठे भाऊजी मागं होते. बापाला म्हणाले, "बरं झालं, दादा, भुकटीनं वाचवलं. मेंढरांनी बिघडवलं ते भुकटीनं निस्तरलं."

तवा मी बोलले. म्हणाले, मोठे भाऊजी, चला विहिरीकडं. ते म्हणाले, तिकडं काय हाय? मी म्हणाले, तुमच्या पाईपाची जागा.

आडव्या वाफ्याला धरून आम्ही चालत गेलो. जिथं आबाच्या मेंढरांची हद्द संपते तिथं, बबलू, जसं कुणी दोरी धरून कापावं तसं पीक खाली उतरतं. तीच भुकटी, तोच युरिया, तेच पाणी, तोच हात टाकणारा. अलीकडं गुडघ्याला लागणारी पात, पोटात कांदा धरून राह्यलेली. पलीकडं वीतभर, बोटासारखी. मी म्हणाले, "भुकटी इथं बी पडलीय. मंग इथं का न्हाई वाचवलं? इथं भुकटीला वाढायला पाहुणेच न्हाईत. ते मेंढरांनी आणले होते, आन तुम्ही त्यांना इथं येऊ दिलं न्हाई." मंग त्यांना मेंढरं होती पण भुकटी न्हाई ते वाफे दाखवले, पिवळे. आन दोन्ही न्हाई ते कोपऱ्यातले. त्याच्याकडं बघवत न्हाई. चारही गोष्टी एकाच वावरात, एका नजरेत.

मी म्हणाले, मामांजी, मेंढरं एकटी पुरी पडत न्हाईत हे मी कबूल करते. पण जाळलं म्हणलात ते परत घ्या.

भाऊजी बोलायला लागले. मामांजींनी हात वर केला. पाण्याच्या पाटात हात धुतले आन एवढंच म्हणाले, "मोसंबी वरच्या रानात लावू. खालचं वावर हिचं." आन मंग, जाता जाता, जसं मीठ आणायला सांगावं तसं, "तुझ्या बापाला फोन कर. वरच्या वावरातला हरभरा निघालाय. दोन-चार दिवस मेंढरं बसवून जा म्हणावं."

वावर राह्यलं. हसले असते मी. पण बोललेलं परत घेतलं न्हाई, आन फोन कर म्हणत्यात.

मी म्हणाले, फोन करणार न्हाई. ते थांबले. मी म्हणाले, "कोणाच्या बी रानात मेंढरं बसवायची असली तर त्या रानाचा मालक मेंढक्याच्या तळावर जातो, नारळ देतो, या म्हणतो. हीच रीत हाय ना? दिवाळीच्या आधी आबा न बोलावता आला, लेकीसाठी. त्याचं हे फळ दिलं तुम्ही. आता लेकीचं वावर न्हाई, तुमचं हाय. घरातलं माणूस गेलं पाहिजे. चावडीवर बोललात ते चालत जाऊन मिटवा."

मामांजी म्हणाले, ह्या वयात मी मेंढरामागं जाऊ? मोठे भाऊजी म्हणाले, मी तर मरेपर्यंत जाणार न्हाई. हे म्हणाले, मी जातो, पण ह्यांना मीच थांबवलं. बायकोचं ऐकून गेला असं म्हणतील, आन ते जाणं जाणं ठरत न्हाई. आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तवा उतरवला आन पाण्याला निघून गेल्या.

तेव्हापासून घरात कुणी कुणाशी बोलत न्हाई. मी बी न्हाई. उरलेल्या वाफ्यात जिप्सम टाकून घेतलं, आता ते पीक उशिरा येईल, पण येईल.

आबाला सांग, कुणी आलं तरच यायचं. न्हाई आलं तर त्यानं त्याच्या वाटेनं जावं. माझ्यासाठी वाकू नको म्हणावं. मी वाकले न्हाई.

वंदना


राजूर
१० मार्च २०२५

आक्का,

पत्र आबाला वाचून दाखवलं. चार वाफ्यांचं त्यानं परत वाचायला लावलं. विहिरीकडं दोरी धरून कापल्यासारखं पीक उतरतं, ते तर अजून एकदा. मंग डोळे पुसले आन म्हणाला, धूर लागला. चूल पेटलेली न्हवती.

पण लगेच उठून पटका बांधायला लागला. म्हणतो, "पुंजाराम बसवून जा म्हणाला ना? मंग झालं. लेकीच्या दारात कसला मान बघायचा?" मी म्हणालो, आबा, मान लेकीनंच लावून धरलाय, तू सोडू नको. तो म्हणाला, "तिला त्या घरात राहायचंय, तुला न्हाई. तुला कुठंच राहायचं न्हाई." हे लागलं मला. पण बराबर हाय.

मंग मी एक केलं. कुत्र्याच्या गळ्यातली साखळी घेतली आन आबाच्या काठीला बांधून काठी झाडावर टांगली. लहान पोरासारखं केलं, माहिती हाय. त्याला झाडावर चढता येत न्हाई. तो मला लई शिव्या देऊन राह्यला आन मी खाली बसून ऐकून राह्यलो. मी कुठं इतका वेळ एका जागी बसल्याचं मला आठवत न्हाई.

इथला चारा संपलाय. सिल्लोडकडचा एक शेतकरी काल नारळ घेऊन आल्ता, भला माणूस हाय, धान्यबी देतो म्हणाला. आबानं त्याला उद्याचा शब्द दिला. उद्या सकाळी मेंढरं तिकडं वळतील. म्हंजी केदारखेड्याचं ह्या साली झालंच. तुझ्या घरातून कुणी येणार न्हाई, हे आता आबानं बी मानलंय. वाईट वाटून घेऊ नको. वावर तुझं राह्यलं, चार माणसांनी चार तऱ्हेचं पीक डोळ्यानं बघितलं. ते शब्द परत घेवोत न घेवोत. मी मीनामॅडमला कळवलं. त्या म्हणाल्या, तुझ्या बहिणीनं वाफे आडवे कसे धरले ते मला येऊन समजावून सांगायला सांग.

मी सिल्लोडपर्यंत तरी मेंढरांबरोबर जातो. कोकराचा पाय बरा झालाय, पण त्याला आता उचलून घ्यायची सवय लागलीय. तिथून पुढं मधमाशीवाले

थांब. संपतचा टेम्पो आला, त्याच्याच हातात हे द्यायचंय, म्हणून जल्दी लिहितो. टेम्पो रस्त्यावर थांबलाय आन दुधाच्या कॅनांच्या मधून एक म्हातारी उतरून राह्यली. पदर खोचलेला, काखेत नारळ, हातात ज्वारीचं गठुडं. आक्का, तुझ्या आत्याबाई हायेत. झुंबरबाई. एकट्या.

माझ्याकडं बघितलं न्हाई, आबाकडं बघितलं न्हाई. सरळ कळपात शिरल्या. आपली मोठी मेंढी कुणाला हात लावू देत न्हाई ना, तिचा जबडा एका हातानं उघडून दात बघून राह्यल्या. आबा उभा राह्यलाय. आता म्हणून राह्यल्या, "भिवादादा, घरातलं माणूस मागितलं होतं ना तुमच्या लेकीनं. आलंय."